मनगट

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पंचफुलाला वाटलं, आता तिकीट आपलंच. वस्तीतलं दारूचं दुकान तिनेच बायांचा मोर्चा नेऊन बंद पाडलं होतं. पक्षाच्या भाऊंनी तिकीट स्वतःच्या बायकोला दिलं. "नाराज नको होऊ वं," ते पंचफुलाला म्हणाले. "तुझ्या वहिनीले भाषण तूच शिकव. बायायचं तुलेच समजते." तिने मन लावून शिकवलं. वहिनींना नुसते मुद्दे बोलता येईनात, म्हणून मोर्च्याचा तो दिवसही सांगितला. पोलिसाची लाठी मनगटावर कशी बसली, तरी दुकानाची पायरी सोडली नाही म्हणून जेलात कसं टाकलं, सगळं. महिला दिनाला नंदनवन वस्तीच्या मैदानात मंडप भरला. नववारी नेसून, गुलाबी फेटा बांधून वहिनी बोलायला उभ्या राहिल्या, तर माईकचा स्टँड मोडका निघाला. भाऊंनी पंचफुलाला वर बोलावून वहिनींपुढे धरायला माईक तिच्या हातात दिला. "बहिणींनो," वहिनी म्हणाल्या, "लाठी या मनगटावर बसली, पण मी पायरी सोडली नाही!" बांगड्यांनी भरलेला हात त्यांनी उंच केला. पुढच्या रांगेत त्या दिवशी पायरीवर बसलेल्याच बाया होत्या. त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं, आणि जोरात टाळ्या वाजवल्या. पंचफुलाचं वाकडं जुळलेलं मनगट थरथरायला लागलं. भाऊ मागून तिच्या कानाशी आले. "हात काहून हालवून राहिली वं? माईक नीट धर. तिले जेलचं सांगाचं हाये अजून."