चपटी पायरी

“बाबा, तुम्ही आधी बसा. सावली पडते तुमची.”

नाण्यांचा म्हातारा पारखी बसला आणि लगेच उठला. लेकीने भिंगाखाली नाणं धरलं होतं. बाहेरच्या बाकावर त्याचा शिंपी मित्र खोकत होता. सव्वीस वर्षांपूर्वी पारख्यानेच या नाण्याला ‘दुहेरी साचा, अस्सल’ असा दाखला दिला होता. साच्यातच अक्षरं दुहेरी कोरली गेलेली अशी नाणी दुर्मीळ, त्यांना मोठी किंमत येते. शिंप्याने ते जिवापाड जपलं, ते विकत घ्यायला आलेली चांगली चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली. आता विकायला काढलं म्हणून नवा दाखला हवा होता, आणि दाखले हल्ली लेक देत होती.

“एका नाण्याला किती वेळ?”

“तुम्ही बोलला नाहीत तर कमी.”

तिने नाणं फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मान वर केली.

“साच्यातच अक्षर दोनदा उठलं असेल, तर टोकाला फट दिसते. माशाच्या शेपटीसारखी. इथे फट नाही, कडेला नुसती चपटी पायरी आहे. छापताना साचा हलला, बाकी काही नाही. अशी नाणी पोत्यानं सापडतात.”

“पुन्हा बघ.”

“तीनदा बघितलं. डावीकडून उजेड पडला की अक्षर दुहेरी भासतं. उजवीकडून पडला की नाही.”

“तेव्हा दिवा भिंतीला होता. डावीकडे. हलवता येत नव्हता.”

“नाणं हलवता येत होतं ना, बाबा.”

तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. ड्रॉवर उघडला आणि काही न घेताच लावला.

“‘अक्षरं दुहेरी दिसतात’ एवढंच लिही,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “खोटं नाही ते.”

तिने दाखल्याचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. “मग तुम्ही लिहा. सहीही तुमचीच करा.”

त्याने पेन उचललं. टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग पेन ठेवून भिंगाला डोळा लावला आणि नाणं बोटाने हळूहळू फिरवलं, पूर्ण एक फेरा. ते घेऊन तो बाहेर गेला.

“गिळलंस की काय रे माझं नाणं?” शिंपी म्हणाला.

“मी चुकलो होतो. साधं आहे हे.”

शिंप्याला खोकला आला. उबळ ओसरेपर्यंत दोघेही थांबले.

“साधं म्हणजे? किंमत किती?”

“त्यावर लिहिली आहे तेवढी.”

शिंप्याने त्याच्या हातातून नाणं घेतलं. “बरं झालं,” तो म्हणाला. “चार दिवस परगावी गेलो तरी जीव टांगणीला असायचा.” पण तो हसला नाही. नाणं त्याने सदऱ्याच्या खिशात, सुट्ट्या पैशांत टाकलं आणि जिना उतरू लागला.

पायरीगणिक खिसा वाजत होता. पारखी दारात कान देऊन उभा राहिला, त्यातून त्या एका नाण्याचा आवाज वेगळा काढता येतो का, ते बघत.