सभासदत्वाचा फायदा

आई व्हर्च्युअल असिस्टंट होती, म्हणजे घरबसल्या परक्या लोकांचे ईमेल, भेटीगाठी आणि विमानाची तिकिटं सांभाळायची. हातात एकच क्लायंट उरला, तेव्हा लेकीचा नवा चष्मा पुढे ढकलून तिने असिस्टंटांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं. "ओळखी होतील गं, कामं मिळतील!" आजवर काय मिळालं? एक चकचकीत प्रमाणपत्र आणि रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर सुप्रभात.

ऑनलाइन सभेच्या वेळी नेमका तो एकुलता एक क्लायंट फोनवर चिकटला. फोनवर हात दाबून आई लेकीला म्हणाली, "माझ्या जागी तू बस. कॅमेरा बंद ठेव. आणि अध्यक्षबाईंना कामाचं विचारच."

लेक बसली, जुन्या चष्म्यातून डोळे बारीक करत आणि नाक मुरडत. पडद्यावर सगळे चौकोन काळे, अध्यक्षबाईंचासुद्धा. "मैत्रिणींनो, संघटना सदैव तुमच्या पाठीशी आहे," आवाज जड करून त्यांचं भाषण चाललं होतं. काय तो थाट! जसं काही राज्यच चालवतायत. शेवटी लेकीला राहवेना. तिने माइक चालू केला.

"अध्यक्षबाई, भाषण पुरे झालं. एक तरी काम मिळवून देणार आहात का?"

भाषण थांबलं. मग तोच आवाज एकदम बारीक, शाळकरी झाला.



"अगं, आवाजावरून तूपण कुणाच्या तरी जागी बसलीयस ना? मी अध्यक्षबाईंची भाची. आत्या दुसऱ्या संघटनेच्या सभेला बसलीय, काम मिळतंय का बघायला!"