हळदीचा डाग

“हे काय आहे?” आईने मोरीतून बाबांचा ओला रुमाल आणून थेट ओट्यावर धरला. साबणाचा फेस अजून निथळत होता. पांढऱ्या कापडावर बोराएवढा लाल डाग.

ओट्यावर प्रणोतीच्या वाट्या मांडलेल्या होत्या. मीठ, तूप, खायचा सोडा, हळद, साबणाचं पाणी, लिंबाच्या फोडी. सोमवारी गोहलपूरच्या शाळेत तिला सातवीच्या मुलांना भौतिक आणि रासायनिक बदल शिकवायचे होते. नोकरीतला पहिलाच तास.

“हळद आहे ती,” बाबा दारातून म्हणाले. “काल वरण सांडलं माझ्या हातून. साबण लागला की हळद लाल होते. रासायनिक बदल. विचार तुझ्या या मॅडम लेकीला.”

“आठ दिवसांपासून खोकून राहिले तुम्ही. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर आता मला रसायनं शिकवता?”

“अगं, धूळ किती आहे आपल्या चेरीतालला. सगळेच खोकून राहिले.”

प्रणोतीला हसू आलं. काल संध्याकाळी तिने याच ओट्यापाशी धड्याची तालीम केली, तेव्हा स्टुलावर विद्यार्थी म्हणून बाबाच बसले होते. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते कशातच फारसं लक्ष घालत नसत. काल मात्र एकेक गोष्ट विचारत होते. मीठ विरघळलं म्हणजे गेलं कुठे? पाणी आटवलं तर परत मिळेल? मग हळदीपाशी अडले. कोणत्याही साबणाने लाल होते? कपड्यावरचीसुद्धा? तिला फार बरं वाटलं होतं.

“बाबा बरोबर सांगताहेत, आई.”

आईचे खांदे सैल झाले. “चलो. माझा तर जीवच गेला होता.” बाबांनी पेपर उचलला आणि ते वळले.

“थांबा, दाखवतेच.” करून पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट सोडून देणं प्रणोतीला जमत नसे. “रासायनिक बदल सहसा उलटत नाही. पण हळदीचा हा रंग उलटतो. आंबट लागलं की पुन्हा पिवळी.”

साबणाने लाल झालेल्या हळदीच्या वाटीत तिने लिंबू पिळलं. लाल रंग बघता बघता पिवळा झाला. मग तिने तीच फोड रुमालावर पिळली.

डाग लालच राहिला.

तिने दुसरी फोड घेतली. थेंबन् थेंब पिळला. प्रणोतीने फोड खाली ठेवली.

“बाबा, शर्ट बदला. आपण डॉक्टरकडे चाललोय.”

बाबांनी रुमालाकडे पाहिलंच नाही. ते वाटीतल्या पिवळ्या पाण्याकडे बघत राहिले.

“हे काल नव्हतं दाखवलंस,” ते हळूच म्हणाले.

दाखवलं होतं. काल तिने लिंबू हातात घेतलं, तेव्हाच बाबा तोंडाला रुमाल लावून, खोकत अंगणात गेले होते.