वाचणारी झाडं

बंदरावर वादळाचा बावटा चढला, तरी चांगुणा कोळीण बिनघोर मासळी निवडत बसली होती. खाडीत बारमाही हिरवं कांदळवन उभं असताना भ्यायचं कशाला? तेवढ्यात शेजारीण किंचाळली. चांगुणानं वर पाहिलं. नारळी पुनवेला गाव ज्यांना पहिला नारळ वाहायचं, तीच झाडं चिखलातून मुळं उपसून, खेकड्यासारखी तिरकी तिरकी टेकडी चढत होती. मागे खाडी उघडीबोडकी पडली होती.

ती झाडं प्रयोगशाळेत घडवली होती तिच्याच लेकीनं, अनुराधानं. चांगुणानं तिला फोन लावला.

"अगं, तुझी झाडं पळाली! गाव वाचवणारी म्हणाली होतीस ना?"

"वाचणारी म्हणाले होते, आई. पाणी चढलं की स्वतः वाचणारी. तुम्ही सगळ्यांनी 'वाचवणारी' ऐकलंत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

अनुराधा म्हणाली, "सांगितलं असतं, तर गावानं खाडी दिली असती का?"

पाणी ओट्याला लागलं. टेकडीवर झाडं थांबली होती. त्यांच्या फांद्यांवरच रुजलेली हिरवीगार रोपं अजून त्यांना बिलगून लोंबकळत होती.

"पळतानाही झाडांनी पोरं टाकली नाहीत गं," चांगुणा म्हणाली. "तू आई टाकलीस."