उशाशी ठेवलेलं बारसं

डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबचा खर्च परवडेना, म्हणून शर्वाणीने स्वस्तातला उपाय धरला. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या आरामखुर्चीत बिघडलेली हार्ड डिस्क उशाशी घेऊन ती झोपली. डिस्कवरची पुसलेली दृश्यं तिच्या स्वप्नांतून हळूहळू भरत गेली.

जाग आली तेव्हा पडद्यावर लेकीचं बारसं चाललं होतं. पाळण्याला बांधलेला जाईचा गजरा झुलत होता, आणि वन्सं वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होत्या.

"बरोबर आलंय ना?" दुकानदार सोनटक्क्यांनी विचारलं. "स्वप्नातलं काही घुसलं असेल तर काढून टाकतो."

शर्वाणी बघत राहिली. त्या वर्षी भांडण झालं होतं. वन्सं बारशाला आल्याच नव्हत्या; नाव शेजारणीने सांगितलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी तिने तो नंबर लावला.

"वन्सं, बारशाचा व्हिडिओ सापडलाय. तुम्ही आहात त्यात. बघायला या."