मालक एकच

"मालकाच्या जागी एकच नाव बसतं," सॉफ्टवेअरवाला म्हणाला. "बाकी सगळे कर्मचारी. कोणाचं घालू?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई पलीकडच्या टेबलावर साच्यांमधून मेणबत्त्या सोडवत होती. सुवासिक मेणबत्त्यांचं हे ऑनलाइन दुकान दोघी बहिणींनी मिळून काढलेलं. मेण ताईचं, कॉम्प्युटर धाकटीचा. जुनं सॉफ्टवेअर इतकं रडतखडत चालायचं, की गिऱ्हाईक पैसे भरता भरता कंटाळून निघून जाई. म्हणून दोघींनी तीन नवी सॉफ्टवेअर पाहिली. पाहिली म्हणजे धाकटीने पाहिली. ताई मागे उभी राहून "याचा रंग बरा आहे" एवढंच म्हणायची. आज तिसरं लावून बघायचं होतं.

"तुझंच घाल," ताई मान वर न करता म्हणाली. "मला मेले पासवर्ड लक्षात राहत नाहीत. मागे स्वतःच्याच दुकानाबाहेर दिवसभर ताटकळले होते ना मी."

तिघंही हसली. ताई साचे घेऊन आत गेली.

मग ताईच्या परवानग्यांचं पान आलं. ऑर्डर बघणं, पत्ता बदलणं, पार्सल रवाना करणं. सॉफ्टवेअरवाला एकेक विचारत गेला, धाकटी हो म्हणत गेली.

"किंमत कमी करणं? सूट देणं?"

धाकटी थबकली. ताईचा हात सैल. फोनवर कुणी जरा गोड बोललं की किंमत उतरायची. कुणाच्या घरी आजारपण आहे म्हटलं की पार्सलात दोन मेणबत्त्या जास्तीच्या जायच्या. धाकटीला हे कधीचं सलत होतं, पण थोरल्या बहिणीला तोंडावर कसं सांगायचं? आता सांगायची गरजच नव्हती. एक चौकट रिकामी सोडली की झालं.

"ते नको," ती आवाज हळू करून म्हणाली. "चुकून हात लागायला नको."

"बरोबर आहे," म्हणत त्याने पान पुढे सरकवलं, आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो गॅलरीत गेला.

ताई हात पुसत बाहेर आली. "झालं सुरू? बघू तरी." चष्मा लावून ती खुर्चीत बसते न बसते तोच तिचाही फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक होतं. स्वतःच्या लग्नात जेवणाच्या टेबलांवर लावायला त्या मुलीने इथूनच मेणबत्त्या नेल्या होत्या. ताई बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

"हो, आहे लक्षात. तोच वास घालते," ती शेवटी म्हणाली. "पैशांचं काही बोलू नकोस तू."

फोन ठेवून तिने धाकटीला सांगितलं, "तिचा नवरा गेला गं. त्याच मेणबत्त्या हव्यात तिला."

समोर ताईचं खातं उघडंच होतं. तिने सावकाश, एका बोटाने ऑर्डर भरली. किमतीच्या जागी शून्य घातलं. वर लाल पट्टी आली: 'हा बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही. मालकाशी संपर्क साधा.'

ताईने चष्मा सारखा केला आणि पुन्हा शून्य घातलं. पट्टी पुन्हा आली.

"मालक म्हणजे तू ना गं?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. ताई रागावली असती, दोन शब्द बोलली असती, आणि जेवणापर्यंत विसरलीही असती. धाकटीने पुढे कितीदा तरी स्वतःला हे ऐकवलं. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघालं, "ते सॉफ्टवेअरच तसं आहे, ताई. माझ्या हातात काही नाही त्यात."

"असं होय," ताई म्हणाली. "मग ते मधलं घेऊ या का? त्याचा रंगही बरा होता."

सॉफ्टवेअरवाला तेवढ्यात आत आला होता. "अहो, यातही होतं की," तो उत्साहाने पुढे वाकला. "या मॅडमनीच मघाशी बंद ठेवायला सांगितलं ना. एक खूण केली की सुरू." त्याने खूण केलीसुद्धा. पट्टी गेली, शून्य बसलं.

ताईने धाकटीकडे पाहिलं नाही. बोटांना चिकटलेलं मेण ती नखाने खरवडत राहिली.

"चांगलं आहे सॉफ्टवेअर," ती त्याला म्हणाली. "हेच घ्या."

मघाशी 'घेऊ या' म्हणाली होती. आता 'घ्या' म्हणाली. ते धाकटीच्या कानात राहिलं.

तो गेल्यावर तिने सगळ्याच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि स्क्रीन ताईकडे वळवला. "बघ, आता तुला सगळं करता येतं."

"बरं," ताई म्हणाली.

धाकटीला आणखी बरंच बोलायचं होतं. पण ती पार्सलांवर पत्ते चिकटवत बसली. ताईने त्या मुलीचं खोकं स्वतःच बांधलं, स्वतःच नेऊन पोचवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली तेव्हा ताई शेगडीपाशी उभी होती. मेण वितळून तयार होतं, वासाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. कुठल्या मेणात कुठला वास आणि किती थेंब, हे धाकटीला ताईनेच शिकवलं होतं. त्या बाबतीत ताईने आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"आज कुठला घालू?" ताईने विचारलं, आणि बाटली हातात तशीच धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.