आठवी गाडी

“टेस्ट ड्राइव्ह अशी कुणालाही देत नसतो, बाळा. वडिलांना घेऊन ये,” म्हणत सेल्समन ढवळेनं डेमो गाडीची किल्ली खिशात टाकली. समोरची पोरगी जेमतेम बाविशीची. तिनं बोनेटवरून हात फिरवला आणि ती शोरूमबाहेर गेली.

थोड्या वेळानं तो नव्या गाड्या उतरवून घ्यायला मागच्या आवारात आला, तर चाकणहून आलेल्या ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरून एक गाडी रिव्हर्समध्ये खाली येत होती. दोन अरुंद लोखंडी पट्ट्या, चाकांच्या कडेला चार बोटं जागा. मान खिडकीबाहेर काढून, मागे बघत चालवत होती तीच पोरगी! अशा आठ गाड्या तिनं उतरवल्या; एकीलाही ओरखडा नाही.

घाम पुसत तिनं गाड्या पोचल्याचं चलन ढवळेपुढे केलं. “सही करा. चाकणपासून मीच आणल्यात. आता वडिलांना आणू?”

ढवळेनं डेमोची किल्ली दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. “नको, ताई. जरा थांबा, आमच्या साहेबांना घेऊन येतो. त्यांनाही कळू दे, गाडी चालवणं कशाला म्हणतात.”